किरकोळ आजार शिकायचे, तर किती पडतील?

जुलैमध्ये कोयनानगरच्या आसपास कुठलाही दवाखाना सकाळी उघडला, की बाकावरच्या माणसांचे आजार बघता क्षणी अर्धे कळतात. लावणीच्या चिखलात उभं राहून बोटांमध्ये चिखल्या झालेली बाई. चार दिवस खोकणारं पोर आणि त्याला पदरात गुंडाळून आलेली आजी. कणकण आणि अंगदुखी घेऊन आलेला मजूर. जांघेतला नायटा लाजत लाजत दाखवणारा ड्रायव्हर. कागदावर हे सगळे किरकोळ. यांतला एखादाच किरकोळ नसतो, आणि तो नेमका कोण हे ओळखणं हाच खरा अभ्यास. महाविद्यालयात हृदयाच्या झडपांवर जेवढे तास जातात, त्याच्या दशांशही चिखल्यांवर जात नाहीत. धंद्यात मात्र रोज चिखल्याच समोर येतात.

ही उणीव भरून काढणारे अभ्यासक्रम आता बरेच आहेत. काही सरकारी, काही विद्यापीठांचे, काही खासगी, काही थेट मोबाइलवर. प्रश्न असा, की हेळवाक, मोरगिरी, ढेबेवाडी अशा ठिकाणी बसून काम करणाऱ्या बीएएमएस, बीएचएमएस किंवा एमबीबीएस डॉक्टरला, नर्सला, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला ते पडतात कितीला? माहितीपत्रकावर छापलेली फी हे याचं उत्तर नाही. माझ्या मते ती खर्चाची सर्वांत लहान बाजू आहे.

आधी हिशेब, मग अर्ज

समजा, कोयनानगरजवळ एका डॉक्टरांचा दवाखाना आहे. रोज 35 पेशंट, प्रत्येकी 100 रुपये. गल्ल्यात 3,500 येतात. औषधं, भाडं, मदतनीसाचा पगार वजा केला तर हातात साधारण 2,300 उरतात. त्यांनी कराडला पंधरा दिवसांतून एकदा वर्ग असलेला सहा महिन्यांचा कोर्स घेतला. फी समजा 20,000. वर्गाचे दिवस 13.

कोयनानगर ते कराड अंतर साधारण 55 ते 60 किलोमीटर. जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीला सहा किलोमीटरच्या टप्प्याला 10 रुपये 5 पैसे पडतात. दहा टप्पे धरले तर जाऊन-येऊन 200 रुपये, 13 फेऱ्यांचे 2,600. मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट असल्यामुळे डॉक्टर बाई असतील तर 1,300. जेवण-चहा रोजचे 150 धरून 1,950. झेरॉक्स, पुस्तक, इंटरनेट यांचे 2,000. आणि दवाखाना बंद राहिल्याचे 13 गुणिले 2,300, म्हणजे 29,900.

बेरीज 56,450. त्यात फी 20,000, जेमतेम पस्तीस टक्के. सगळ्यांत मोठा आकडा बंद शटरचा, आणि त्याची पावती कोणी देत नाही.

आता हाच कोर्स रविवारी असेल आणि दवाखाना रविवारी बंदच राहत असेल, तर बंद शटरचे 29,900 उडतात आणि एकूण खर्च 26,550 वर येतो. फीमध्ये पाच हजारांची सूट मिळवण्यासाठी तासभर घासाघीस करणारे लोक ‘वर्ग कुठल्या वारी?’ हे विचारतच नाहीत. फोन लावल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा. दुसरा प्रश्न: वर्ग बुडला तर तो कुठे भरून काढता येतो? कारण रस्त्यावर दरड आली किंवा ओढ्याला पाणी आलं, की घरून निघणंच होत नाही. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, तेव्हा या भागातला कोणता डॉक्टर वर्गाला जाणार होता? जुलै-ऑगस्टमध्ये हजेरीची सक्ती असलेला कोर्स या पट्ट्यातल्या माणसाने घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डिसेंबर ते मे हा काळ बरा.

हिशेबाची दुसरी बाजू पेशंटच्या घरची. गरज नसताना कराडला पाठवलेल्या माणसाला काय पडतं? खासगी जीपचे समजा 2,000, आणि पेशंट व सोबतचा अशा दोघांचा बुडालेला रोज. रोजगार हमीचा 2025-26 चा दर 312 रुपये आहे, म्हणजे दोघांचे 624. एकूण 2,624, तेही तपासणीची फी आणि रक्त-लघवी सोडून. शिकून आलेल्या डॉक्टरमुळे वर्षात अशा वीस फेऱ्या टळल्या, तर गावाचे 52,480 वाचतात. डॉक्टरांच्या वरच्या खर्चाच्या जवळपास तेवढेच. गंमत अशी, की खर्च डॉक्टरांच्या खिशातून जातो आणि बचत पेशंटच्या घरात होते. शिवाय ‘याला औषध लागत नाही, पाच दिवसांत आपोआप जाईल’ असं सांगायला शिकलेल्या डॉक्टरचा गल्ला सुरुवातीला थोडा कमीच भरतो. सुई मारा, सलाईन लावा म्हणून आलेला माणूस रिकाम्या हाताने परत गेला, तर पुढच्या वेळी दुसरं दार ठोठावतो. हा खर्चही मनात धरूनच अर्ज भरावा.

आधी फुकटातलं संपवा

पैसे भरण्याआधी जे फुकट आहे ते वापरून बघा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, 2019 पासून स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लोज तयार केले आहेत. एका आजाराला एक-दोन पानं: काय विचारायचं, काय बघायचं, कुठल्या पातळीवर काय द्यायचं आणि कधी पुढे पाठवायचं. मोबाइल अॅपवरही मिळतात. छापून भिंतीवर लावायला पानामागे दोन रुपये.

जागतिक आरोग्य संघटनेचं अँटिबायोटिक्सवरचं ‘अवेअर’ पुस्तक 2022 मध्ये आलं. पीडीएफ मोफत आहे. त्यातला पहिला मोठा भाग प्राथमिक आरोग्यसेवेचाच आहे: घसा, कान, सायनस, खोकला, जुलाब, त्वचा, लघवीचा जंतुसंसर्ग. साध्या सर्दीला आणि साध्या ब्राँकायटिसला अँटिबायोटिक लागत नाही, हे त्यात निःसंदिग्ध लिहिलं आहे. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, तेवढ्याने तो न्यूमोनिया होत नाही. मात्र दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आपल्याकडे बेडका तपासायला पाठवायचा, कारण क्षयरोग आपल्याकडे आहे. परदेशी पुस्तक वाचताना ही आपली पुरवणी मनात जोडत राहावी लागते.

सरकारी नोकरीत असाल तर एकात्मिक नवजात शिशू व बालआजार व्यवस्थापनाचं आठ दिवसांचं प्रशिक्षण चुकवू नका. फी नाही. माझ्या नजरेत किरकोळ आजाराचं सगळ्यांत व्यवहारी शिक्षण तेच. खोकणाऱ्या पोराचा शर्ट वर करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतलं असेल तर 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त, तर तो श्वास जलद. छाती आत ओढली जातेय का, पोर पाणी पितंय का, सारखं झोपाळलेलं आहे का, हे बघायचं. स्टेथोस्कोप नंतर. एवढं आलं की कोणतं पोर घरी पाठवायचं आणि कोणाला 108 बोलवायची, हा प्रश्न बराचसा सुटतो.

ई-संजीवनीचाही शिकण्यासाठी उपयोग होतो, हे कमी लोकांच्या लक्षात येतं. उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी पेशंटला समोर बसवून दूरच्या डॉक्टरशी बोलतो. रोज अशी एक केस नीट मांडायची, आपलं अनुमान आधी सांगायचं, मग डॉक्टर काय म्हणतात ते वहीत लिहायचं. सहा महिन्यांत ती वही कोणत्याही पाठ्यपुस्तकाला भारी पडेल. रेंज मिळाली तर, अर्थात. 1,960 मेगावॉटच्या वीजप्रकल्पाच्या गावात पावसाळ्यात लाईट आणि नेट कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून ऑनलाइन कोर्स घेताना व्हिडिओ उतरवून ठेवता येतात का, की ठरलेल्या वेळेला थेटच बसावं लागतं, हे विचारा. थेट वर्गाची फी भरून निम्मे वर्ग बुडवणं हा आपल्याकडचा ठरलेला तोटा.

स्वयम पोर्टलवरचे एनपीटीईएलचे वर्ग बघायला फुकट असतात. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचे 1,000 रुपये. परीक्षा केंद्र मोठ्या गावात, तेव्हा एसटीचं तिकीट त्यात धरा.

पदवीप्रमाणे वाट बदलते

नर्स किंवा बीएएमएस असाल आणि सरकारी वाट हवी असेल, तर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आहे. 2018 च्या अर्थसंकल्पात देशभर दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रं जाहीर झाली, आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. उपकेंद्राच्या पातळीवर 105 औषधं आणि 14 तपासण्या ठेवायच्या, असं ते नियोजन. त्यासाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम होतो, बराचसा जिल्हा रुग्णालयात, हाताखाली शिकून. खर्च सरकार उचलतं. महाराष्ट्रात या पदाला दरमहा 25,000 ठरलेले आणि कामगिरीनुसार 15,000 पर्यंत, असा मोबदला आहे. पद कंत्राटी आहे.

इथे तुमचा खर्च तीन जागी दडलेला असतो. एक, सहा महिने जिल्ह्याच्या गावी राहणं. खोली आणि मेस मिळून महिना 6,000 धरले तरी 36,000. दोन, बंधपत्र. प्रशिक्षणानंतर किती वर्षं काम करायचं आणि मध्येच सोडलं तर किती भरायचं, हे सही करण्यापूर्वी वाचा. लग्न ठरलं म्हणून तिसऱ्या वर्षी नोकरी सोडणाऱ्या मुलींना हा कागद महागात पडतो. तीन, तो 15,000 चा भाग निकषांवर अवलंबून आहे. घरचं बजेट 25,000 वर आखा. वरचे आले तर आले.

एमबीबीएस असाल तर कौटुंबिक वैद्यक हे याच विषयाचं मोठं घर. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा डीएनबी तीन वर्षांचा. त्यासाठी नीट-पीजी, जिचा अर्ज 2025 मध्ये खुल्या व इतर मागासवर्गासाठी 3,500 आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 2,500 रुपये होता. डीएनबीत विद्यावेतन मिळतं, पण तीन वर्षं दवाखाना बंद. चाळिशीतल्या, दोन पोरं शाळेत असलेल्या डॉक्टरसाठी हे गणित बसत नाही. त्यांच्यासाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची कौटुंबिक वैद्यकातली दोन वर्षांची पदविका जास्त सोयीची. घरी वाचायचं, दवाखाना चालू ठेवायचा आणि अधूनमधून ठरावीक दिवस प्रत्यक्ष वर्गाला जायचं. ‘पाठवा कमी, सोडवा जास्त’ असा त्या उपक्रमाचा रोख आहे. कोयनेसारख्या ठिकाणासाठीच शोधून काढल्यासारखा.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीचं नूतनीकरण करायला पाच वर्षांत 30 क्रेडिट तास लागतात. ते कुठल्या तरी पंचतारांकित परिषदेत जेवून भरण्यापेक्षा याच विषयावर भरा. कोर्सला परिषदेची क्रेडिट आहेत का आणि किती, हे लेखी मागा. ‘प्रोसेसमध्ये आहे’ या उत्तराचा अर्थ नाही असाच घ्या.

बीएचएमएस डॉक्टरांची वाट सध्या निसरडी आहे. 2014 मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून त्यांच्यासाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणला. आरोग्य विज्ञान विद्यापीठ तो चालवतं. 2025 मध्ये हा कोर्स केलेल्यांची वैद्यक परिषदेत वेगळी नोंदणी करण्यावरून मोठा वाद झाला. नोंदणी थांबली, पुन्हा आदेश निघाले, सप्टेंबरमध्ये अॅलोपॅथी डॉक्टरांनी एक दिवस काम बंद ठेवलं. प्रकरण न्यायालयातही आहे. म्हणून हा कोर्स ज्ञानासाठी करायचा असेल तर जरूर करा, त्यातलं औषधशास्त्र उपयोगाचंच आहे. पण ‘नोंदणी मिळेलच’ असं धरून कर्ज काढू नका. अर्ज भरण्याच्या आठवड्यात परिषदेची ताजी सूचना वाचा, एजंटची नव्हे.

पैसे देताना काय मागायचं

किरकोळ आजाराच्या कोर्सला मोजायचं कशाने? माझा निकष एकच: तो तुम्हाला रेड फ्लॅग शिकवतो का? धोक्याची खूण. पहाटे पोट दुखतंय, गिळायला त्रास होतोय, पापण्या जड झाल्यात म्हणून आलेल्या माणसाला आम्लपित्ताची गोळी देऊन घरी पाठवायचं, की रात्री जमिनीवर झोपला होता का, असं विचारायचं? मण्यार चावते तेव्हा बहुतेकदा दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही दिसत नाही. ज्याने हा प्रश्न विचारला, त्याने त्या कोर्सची फी एका सकाळी वसूल केली.

तापाचंही तसंच. लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखताहेत, डोळे लाल, तर लेप्टोस्पायरोसिस मनात यायला हवा. गवतात, जंगलकडेला काम करणाऱ्याला ताप आणि डोकेदुखी असेल, तर काखेत, जांघेत, कमरेला काळी खपली आहे का ते कपडे बाजूला करून बघायचं. तो स्क्रब टायफस असू शकतो, आणि वेळेवर दिलेलं डॉक्सिसायक्लिन स्वस्त आहे, फारच स्वस्त. न ओळखलेला तोच ताप अतिदक्षता विभागात नेतो.

आता नायट्याकडे या, कारण या विषयावर कोर्सवाले घाईत पुढे जातात आणि दवाखान्यात तोच दिवसाकाठी पाच वेळा दिसतो. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर नायटा हट्टी झाला आहे. त्याचं एक मोठं कारण मेडिकलमधून उचललेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं. दोन दिवसांत खाज थांबते, आठवड्यात कडा पुसट होतात, आणि महिन्याने तो मांड्यांपासून पोटापर्यंत पसरतो. स्टेरॉइड मलमं 2018 मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या यादीत गेली, पण गावात कोण चिठ्ठी विचारतो? हा बदललेला, ओळखू न येणारा नायटा नजरेला पकडायला शिकणं, घरातल्या सगळ्यांना एकदमच औषध देणं, टॉवेल वेगळा, कपडे उन्हात (कोयनेच्या पावसात ऊन कुठून आणायचं हा वेगळा प्रश्न, मग इस्त्री) आणि औषध खाज थांबल्यावरही काही आठवडे चालू ठेवणं. हे सगळं एका तासात शिकवता येतं. ज्या कोर्सच्या विषयसूचीत त्वचेला स्वतंत्र सत्र नाही, तो कोर्स खेड्यासाठी बनवलेला नाही असं समजा.

इंग्लंडमधले ‘मायनर इलनेस’चे ऑनलाइन कोर्स इथेही घेता येतात. तिकडे नर्स आणि औषध विक्रेते हे काम करतात. 31 जानेवारी 2024 पासून इंग्लंडमध्ये औषधाच्या दुकानात सात आजारांवर थेट उपचार मिळतात: सायनस, घसा, कान, कीटकदंशाचा संसर्ग, इम्पेटिगो, नागीण आणि स्त्रियांमधला साधा लघवीचा संसर्ग. पेशंटला कसं विचारायचं, कसं समजावायचं, परत कधी यायचं ते नेमकं कसं सांगायचं, यात ते लोक तरबेज आहेत, आणि ते शिकण्यासारखं आहे. पण दोन अडचणी. एक, किंमत पौंडात. दुसरी जास्त महत्त्वाची. घसा दुखणाऱ्या पोराला अँटिबायोटिक टाळा, हा त्यांचा सल्ला संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब होणाऱ्या देशात जसाच्या तसा चालत नाही. ताप आहे, खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरं आहे, गळ्याच्या पुढच्या गाठी दुखताहेत, या चार खुणा जमल्या तर आपल्याकडे जरा जास्त सावध राहावं लागतं. आणि स्क्रब टायफस, मण्यार, क्षयरोग त्यांच्या पुस्तकात नाहीत.

म्हणून कोर्सचालकाला विचारा: प्रत्यक्ष पेशंट किती दाखवणार? कोणाच्या हाताखाली? मी तपासताना कोणी बघून चूक सांगणार का? शिकवणाऱ्यांपैकी कोणी खेड्यात दवाखाना चालवलाय का? हा शेवटचा प्रश्न उद्धट वाटेल, पण विचारा. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचू चावलेली माणसं समोर मरताना बघून त्यांनी नोंदी ठेवायला सुरुवात केली, आणि पुढे प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग लॅन्सेटमधून जगापुढे मांडला. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि घरीच उपचार करायला शिकवलं, त्याचा अभ्यास 1999 मध्ये लॅन्सेटमध्येच आला. महाराष्ट्रात या विषयाचे शिक्षक आहेत. ते पंचतारांकित सभागृहात कमी सापडतात, एवढंच.

ज्यावर एक रुपयाही घालू नये

तीन-सहा महिन्यांत ‘ग्रामीण डॉक्टर’ करणारे डिप्लोमा वर्तमानपत्राच्या घड्यांतून अजूनही येतात. अत्यावश्यक औषधांची यादी, न्यायालयाचा कुठलासा निकाल, जागतिक आरोग्य संघटनेचं नाव, असा सगळा मसाला पत्रकावर असतो. नियम साधा आहे: औषध लिहायचा अधिकार परिषदेच्या नोंदणीतून येतो, भिंतीवरच्या प्रमाणपत्रातून नाही. नोंदणी नसताना आधुनिक वैद्यक केल्यास राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. राज्याचा 1961 चा कायदा वेगळाच. बीएएमएस डॉक्टरांना राज्याच्या अधिसूचनांनुसार आपल्या शिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधं वापरता येतात, पण ती मर्यादा कोणताही खासगी कोर्स वाढवून देत नाही. नर्सलाही तसंच. चांगला कोर्स तुमचा हात पक्का करतो, कायदा बदलत नाही.

फी एकरकमी, परत न मिळणारी आणि रोख मागितली, तर तिथेच थांबा. हप्ते पाडून मागा. पहिला वर्ग बघून सोडलं तर किती परत, हे पावतीवरच लिहून घ्या. मान्यताप्राप्त पदवी-पदविकेवर जीएसटी नसतो, खासगी संस्थेच्या स्वतःच्या प्रमाणपत्रावर 18 टक्के लागतो. जाहिरातीतले 20,000 मग 23,600 होतात, आणि हे कळतं ते क्यूआर कोड स्कॅन केल्यावर.

टेबलावर काय हवं

शिकून आल्यावर हातात साधन नसेल तर सगळं विसरायला महिना पुरतो. पल्स ऑक्सिमीटर हजार-दीड हजारात येतो. कान बघायचा ऑटोस्कोप दीड हजारापासून दहा हजारांपर्यंत, सुरुवातीला स्वस्तातला चालेल, पण घ्याच, टॉर्चने कान दिसत नाही. लघवीच्या पट्ट्यांची शंभराची डबी हजाराच्या आत. ग्लुकोमीटर, डिजिटल थर्मामीटर असतोच. श्वास मोजायला सेकंदकाटा असलेलं घड्याळ, शंभर-दीडशेचं. ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या टेबलाच्या पहिल्या खणात: सहा महिन्यांवरच्या पोराला रोज 20 मिलिग्रॅम, खालच्याला 10, चौदा दिवस. हे सगळं मिळून सात-आठ हजारांत बसतं. त्यात प्राथमिक जीवरक्षणाचा, म्हणजे बीएलएसचा एक दिवसाचा वर्ग जोडा. कराड-साताऱ्यासारख्या ठिकाणी साधारण अडीच ते चार हजार, प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, नंतर पुन्हा करावं लागतं.

कराडला जायचं नसेल तर चिपळूण चाळीसेक किलोमीटरवर आहे, पण घाट मध्ये येतो. सांगली-मिरजेकडे नातेवाईक असतील तर मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही एक पर्याय, राहण्याचा खर्च वाचतो. बहिणीकडे जेवून शिकलेला कोर्स मेसच्या जेवणापेक्षा स्वस्त आणि चवदार पडतो.

पावत्या सांभाळा. धंद्याच्या हिशेबाच्या वह्या ठेवून विवरणपत्र भरणाऱ्या डॉक्टरांना व्यवसायाशी संबंधित अशा प्रशिक्षणाची फी, प्रवास, पुस्तकं खर्चात दाखवता येतात. जमेच्या निम्मा नफा धरून ढोबळ पद्धतीने भरत असाल तर वेगळी वजावट मिळत नाही, तरीही पावती फेकू नका. सीएला एकदा दाखवा. आणि एसटीची तिकिटं पावसात भिजतात, त्यांचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.